स्पिका इंजेक्शन: गरम झाल्यावर काळा धूर. पंप उघडू का?

अर्धवट गॅरेज

नमस्कार मंडळी. गाडी अल्फा रोमिओ २००० जीटीव्ही, १९७३ची, अमेरिकन बाजारासाठी बनलेली. म्हणजे कार्ब्युरेटर नाहीत, स्पिका कंपनीचं मेकॅनिकल इंजेक्शन: एक पंप प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल मोजून पाठवतो. अकरा वर्षं कव्हरखाली उभी होती. टाकी उतरवून गंज काढला, रबरी पाइप सगळे बदलले, मागचा आणि पुढचा दोन्ही फ्युएल फिल्टर नवे घातले.

थंड इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होतं आणि काय गोड चालतं! दहा मिनिटांनी पाण्याचा काटा वर आला की रडगाणं सुरू. आयडलिंगला घुसमटते, सायलेन्सरमधून काळा धूर, गॅरेजभर पेट्रोलचा वास. काल डिपस्टिक हुंगली तर तिलाही पेट्रोलचाच वास, आणि ऑइलची पातळी मी भरली होती त्यापेक्षा वर.

ज्यांना ज्यांना दाखवली त्यांनी बॉनेट उघडलं, पंपाकडे बघून मान हलवली आणि दोनच सल्ले दिले: पंप ओव्हरहॉल करा, नाहीतर काढून टाका. पंप स्वतःच उघडायची खुमखुमी आहे, सांगून ठेवतो. थांबवायचं असेल तर आत्ताच थांबवा.

वेबरवाला

काढून टाका. याच इंजिनाला युरोपात दोन जुळे कार्ब्युरेटर होते आणि गाडी तिथेही उत्तम पळायची. स्पिका काही शर्यतीच्या हौसेने आलेला नाही. अमेरिकेच्या धुराच्या नियमांमुळे १९६८ साली अल्फाला तिथे गाड्याच विकता आल्या नाहीत, म्हणून १९६९पासून हा पंप लावला. नियमासाठी आलेली वस्तू, नियम तुम्हाला लागू नसेल तर गेली तरी चालेल. मी दोन वेबर कार्ब्युरेटर लावले आणि सुखात झोपतो.

तेलकट बाही

थांबा. पाना खाली ठेवा. आणि ते ऑइल बदलेपर्यंत गाडी सुरूसुद्धा करू नका, पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग खाऊन टाकाल.

आधी मला एक सांगा, चारही प्लग काळे आहेत की एखादाच? या पंपात चार सिलिंडरला चार प्लंजर (पेट्रोल ढकलणारे छोटे दट्टे) आहेत, प्रत्येकाची स्टीलची नळी वेगळी, इंजेक्टर वेगळा. एकच प्लग काळा असेल तर तो प्लंजर किंवा तो इंजेक्टर. चारही सारखेच काळे असतील तर दोष अशा ठिकाणी शोधायचा जिथून चौघांनाही हुकूम जातो. चार प्लंजर ठरवून एकाच दिवशी झिजत नाहीत.

तुम्ही सांगताय त्यावरून माझा संशय थर्मोस्टॅटिक ॲक्च्युएटरवर आहे. पंपाच्या पुढच्या भागात बसलेला तो छोटा नग, ज्यातून तांब्याची बारीक केशनळी निघते. तिच्या टोकाचा बल्ब कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट तापलं की आतला द्रव फुगतो, दांडा बाहेर ढकलतो आणि पंपाला कळतं, 'इंजिन तापलं, आता पेट्रोल कमी कर.' पन्नास वर्षांत कुठेतरी केसभर चीर जाते, द्रव निघून जातो आणि दांडा आत बसून राहतो. पंपाच्या हिशेबी मग इंजिन कायमचं थंडच! थंड असताना सुरेख चालते आणि तापल्यावर बुडते, याहून सरळ लक्षण नाही.

तपासायला पंप उघडावा लागत नाही. ॲक्च्युएटर काढा (केशनळीला उगाच वाक देऊ नका, एकदा मोडली की संपलं), दांड्याची लांबी व्हर्निअरने मोजा, बल्ब ८० अंशांच्या पाण्यात धरा, पुन्हा मोजा. चांगला असेल तर दांडा डोळ्यांना दिसेल इतका सरकतो.

हे एवढं ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः हीच माती खाल्ली आहे. अगदी अशीच लक्षणं, आणि मी थेट पंप फोडला. या पंपात प्लंजर आणि त्याचा बॅरल (ज्यात तो सरकतो ते नळकांडं) यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, फट मायक्रॉनमध्ये. मी चारही प्लंजर काढले, केरोसिनमध्ये एकाच डब्यात धुतले आणि मग डब्याकडे बघत बसलो. कोण कुणाचा? खुणा केल्या नव्हत्या. एक चुकीच्या बॅरलमध्ये अर्ध्यावर अडकला, दुसरा सैल. पंप एका जाणकाराकडे गेला, सात महिन्यांनी परत आला, गाडीवर चढवला आणि दहा मिनिटांनी तोच काळा धूर. ॲक्च्युएटर मेलेला होता. सात महिने!

आत काय आहे तेही सांगतो, म्हणजे खुमखुमी जरा उतरेल. आजच्या गाडीत जे काम कॉम्प्युटर करतो ते इथे धातूचा एक निमुळता कॅम करतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो स्वतःभोवती फिरतो आणि आरपीएम वाढले की गव्हर्नर त्याला लांबीत सरकवतो. त्याच्या उंचसखल पाठीवर एक बोट टेकलेलं असतं. ते जितकं वरखाली होईल तितकं पेट्रोल. त्यात तापमानाची भर हा ॲक्च्युएटर घालतो आणि हवेच्या दाबाची एक बंद डबी. उंचावर हवा विरळ झाली की तीच पेट्रोल कमी करते. हे सगळं लिव्होर्नोच्या कारखान्यात जुळवून आलेलं आहे. ते घरच्या टेबलावर पुन्हा जुळवणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

वेबरवाल्यांना एवढंच: कार्ब्युरेटर वाईट नाहीत, पण ते 'काढा आणि लावा' इतकं सोपंही नाही. मॅनिफोल्ड बदला, थ्रॉटलच्या कांड्या बदला, पंपाच्या जागी झाकण लावून ऑइलची वाट बंद करा, आणि टाकीतून पेट्रोल पाठवणारा मागचा इलेक्ट्रिक पंप कार्ब्युरेटरला झेपणार नाही इतका दाब देतो, तोही बदला. एका बिघडलेल्या नगासाठी?

आठ सिलिंडर

माझ्याकडे अल्फाचीच माँट्रियल आहे. २,५९३ सीसी, व्ही-८, त्यामुळे प्लंजर आठ आणि काळजी दुप्पट. तिला तर युरोपातही स्पिकाच होता, तेव्हा 'फक्त धुरासाठी लावला' हे अर्धसत्य.

बाहींच्या म्हणण्यात एक भर. ॲक्च्युएटर बदलल्यावर लगेच मिक्स्चरला (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाला) हात लावू नका. आधी बेल्ट बघा. पंप क्रँकवरून दातेरी बेल्टने फिरतो आणि एखादा दात इकडेतिकडे असला तरी गाडी चालते, फक्त मनापासून चालत नाही. क्रँक पुलीवर 'आय' अक्षराची खूण असते, इंजेक्शनची. पहिला सिलिंडर हवा ओढण्याच्या फेरीत असताना ती सुईसमोर आणा. तेव्हा पंपाच्या पुलीची खूण पंपावरच्या रेषेला मिळायला हवी. अनेक जण नेहमीच्या टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतानाच्या) खुणेवर बेल्ट चढवतात आणि मग पंपाला शिव्या घालतात.

अर्धवट गॅरेज

पाना खाली ठेवला होता, शपथेवर. प्लग काढले: चारही काळे, एकसारखे.

ॲक्च्युएटर काढला. थंड असताना दांडा २२.४ मिमी. मग स्वयंपाकघरातल्या पातेल्यात पाणी तापवून ८० अंशांवर बल्ब धरला (घरात यावर स्वतंत्र चर्चा झाली). पाच मिनिटं, दहा मिनिटं. २२.४. नळीच्या मुळाशी हिरवट डाग आहे, तिथूनच गळाला असावा.

नवा मागवला आहे. तोवर काय करता येईल?

तेलकट बाही

त्याच्या जागी आटे असलेला बोल्ट आणि लॉकनट बसवा. लोक त्याला डमी म्हणतात. हातचा चोक समजा: गरम इंजिनाला लागेल तेवढा बाहेर काढून ठेवायचा, थंड इंजिन सुरू करताना थोडी कुरकुर सहन करायची. निदान पक्कं करायला एवढं पुरतं.

मग इंजिन पूर्ण तापवून, थ्रॉटल मिटलेला असताना, पंपाचा लीव्हर आणि रेफरन्स स्क्रू यांच्यातली फट फिलर गेजने बघा. ०.०१९ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी. ती जमल्याशिवाय पंपाच्या मागच्या कट-ऑफ सोलेनॉइडला (पेट्रोल तोडणाऱ्या विजेच्या नगाला) हात लावायचा नाही. मिक्स्चर तिथून बदलतं हे खरं, पण ती शेवटची पायरी. आधीचा दोष त्याने झाकायला गेलात तर दोन दोष होतील.

अर्धवट गॅरेज

डमी बसवला. ऑइल बदलून सुरू केली, काटा वर आला, आणि मी धुराची वाट बघत मागे उभा राहिलो. धूर नाही. वीस मिनिटं एकसारखी चालली. फट मोजली तर भलतीच निघाली. आधीच्या कुणीतरी पंपाकडे जाणारी लांब कांडी फिरवून मेलेल्या ॲक्च्युएटरची भरपाई केलेली दिसते, कांडीच्या नटवर पक्कडीचे ओरखडे आहेत. ती ०.०१९वर आणली. बेल्टची खूण बरोबर होती, आठ सिलिंडर यांचे आभार.

अडीच हजार आरपीएमला अजून हलकासा अडखळा आहे. नवा ॲक्च्युएटर आल्यावर बघू.

आणि एक. ऑइल बदलताना मॅन्युअलमध्ये दिसलं की पंपाच्या तोंडाशी त्याचा स्वतःचा छोटा ऑइल फिल्टर असतो. उघडला. आतून जे निघालं त्याला फिल्टर म्हणायला जीभ रेटत नाही, डांबरात बुडवलेलं बूच वाटत होतं. सीलवरचा रंग कारखान्यातलाच वाटतो. म्हणजे १९७३पासून?