एकवीस हजार मतदारांना एक खासदार, यात लबाडी कुठे आहे?

स्टॉर्नोवेकर
परवा 'सडेतोड' यांनी लिहिलं की स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांचा मतदारसंघ, म्हणजे ना हेलानन अन ईअर, ही लोकशाहीतली लबाडी आहे. मुद्दे दोन. ब्रिटनमध्ये इतरत्र सत्तर हजारांच्या पुढेमागे मतदारांमागे एक खासदार आणि इथे जेमतेम २१ हजारांमागे एक. दुसरं, २०२४ च्या निवडणुकीत इथले उमेदवार फेरीबोटींवर मतं मागत होते, आणि बोटी तर एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारच्या अखत्यारीत, खासदार मात्र जातो लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेत. म्हणजे लोकांना फसवलं. उत्तर लिहायला बसलो ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी नऊ वर्षं यातल्या लुइस बेटावर राहतो. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला इथे मत देता येतं, आणि मी दिलं. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत ही बेटं दोनशे किलोमीटरच्या वर पसरलेली आहेत. दक्षिणेकडच्या बाऱ्या बेटाचं विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं, तेही ओहोटी बघून. हा मतदारसंघ समोर मुख्य भूमीवरच्या हायलँड्सला जोडला तर खासदार इकडे वर्षातून किती वेळा फिरकेल?

शिवाय इथे उमेदवार बघायची पद्धतच वेगळी आहे. निवडणुकीच्या आधी माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे एक उमेदवार पत्रक घेऊन आला होता. म्हातारबुवा पीट, म्हणजे जळणाची दलदलीतली माती, रचत होते, हात कोपरापर्यंत काळे. पत्रकाला हात लावला नाही. गेलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, एवढंच विचारलं, "को लेश हू?" म्हणजे तू कुणाचा? आपल्याकडे गावात पोराला विचारतात तसंच. मग बाप कोण, आजा कुठल्या बोटीवर होता, हे सगळं झालं आणि शेवटी पक्ष. १९३५ पासून आजवर या मतदारसंघाने पाचच खासदार पाहिले. मॅकमिलन, स्टुअर्ट, मॅकडॉनल्ड, मॅकनील आणि आता क्रायटन. लोक पक्षाचा बिल्ला बघून मत देणारे असते तर असं झालं असतं का?

सडेतोड
माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. पाच खासदारांचं कौतुक सांगताय, पण २०२४ चा निकाल बघा. अँगस मॅकनील २००५ पासून खासदार. बाऱ्याचा माणूस, गेलिक बोलणारा, क्रॉफ्टर म्हणजे इथला छोटा शेतकरी. प्रतोदाशी भांडण झालं, २०२३ मध्ये एसएनपीने, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीने, काढून टाकलं, अपक्ष उभा राहिला आणि तिसरा आला. एसएनपीच्या सुझन थॉमसनही त्याच्या पुढे. माणूस बघून मत देतात ना? मग बिल्ला गेल्यावर माणूस कसा पडला?

आणि जिंकला कोण? लेबरचा टॉर्किल क्रायटन, साडेतीन हजारांहून जास्त मतांनी. वेस्टमिन्स्टरमध्ये वर्षानुवर्षं पत्रकारिता केलेला माणूस. याला तुम्ही स्थानिक म्हणणार?

स्टॉर्नोवेकर
क्रायटन लुइसच्या पॉइंट भागातला. पोटासाठी बाहेर गेला, या बेटावरचा प्रत्येक दुसरा माणूस जातो. संसदेत शपथही गेलिकमध्ये घेतली. कोकणातला चाकरमानी मुंबईत तीस वर्षं राहिला तरी गणपतीला कुणाच्या घरी जातो? तसंच हे.

मॅकनीलबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. वीस वर्षांच्या ओळखीवर तो दुसरा तरी येईल असं मला वाटलं होतं. नाही आला.

मीनाक्षी एडिंबरा
२१ हजारांचा मुद्दा सोडूनच द्या. २०२३ च्या फेररचनेत प्रत्येक मतदारसंघात ६९,७२४ ते ७७,०६२ मतदार असावेत असं ठरलं आणि त्यातून मोजक्या बेटांना कायद्यानेच वगळलं. ऑर्कनी-शेटलंड, ही पश्चिमेकडची बेटं, वेल्समधलं अँगलसी आणि आइल ऑफ वाइट. लबाडी कसली? आपल्या लक्षद्वीपला सुमारे ५७ हजार मतदारांवर एक खासदार आहे आणि तेलंगणातल्या मलकाजगिरीला तीस लाखांच्या वर. तिथे कुणी लबाडी म्हणत नाही.

सडेतोड
मी म्हणतो. लक्षद्वीपलाही म्हणतो.

अलिबागकर
मतदारसंघाचं तुमचं चालू द्या, मी बोटीबद्दल बोलणार. ज्याने बोटीची वाट पाहिली नाही त्याला हे कळणार नाही. आमच्या लहानपणी पावसाळा लागला की भाऊच्या धक्क्याच्या लाँच बंद. एका जुलैत बहिणीचे दिवस भरले आणि डॉक्टर म्हणाले मुंबईला हलवा. वडखळमार्गे खड्ड्यांतून पाच तास. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि मी पुढे बसून टायरचा आवाज ऐकत होतो. तिचं आवडतं फडकं, निळ्या फुलांचं, आईने दाराच्या काचेला लावलं होतं. मला अजून ते फडकं आठवतं. मांडव्याची रो-रो २०२० मध्ये आली. तोवर आमच्या दारात मतं मागायला आलेल्या प्रत्येकाला आम्ही धक्क्याचं विचारत होतो. आमदार असो, खासदार असो. ते खातं कुणाचं हे आम्ही बघायचं?

खलाशी
ग्लासगोत मरीन इंजिनिअर आहे, बोटींवर बोललात म्हणून राहवलं नाही. २०१५ मध्ये दोन फेरीबोटींचं कंत्राट ९७ दशलक्ष पौंडांना स्कॉटलंडच्याच फर्ग्युसन गोदीला दिलं. २०१८ ला त्या पाण्यात धावायला हव्या होत्या. २०१७ मध्ये त्यातल्या ग्लेन सॅनॉक्स बोटीचं जलावतरण झालं तेव्हा ब्रिजच्या, म्हणजे कप्तानाच्या कक्षाच्या, खिडक्या रंगवलेल्या होत्या, काचा नव्हत्याच! स्कॉटलंडच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री स्टर्जन समोर उभ्या. ती बोट प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. खर्च मूळ आकड्याच्या कितीतरी पट. आणि यातली दुसरी बोट मुळात स्टॉर्नोवेकरांच्याच बेटांसाठी, स्काय बेटाच्या उइगहून हॅरिस आणि नॉर्थ उइस्टला जाणाऱ्या मार्गासाठी होती. पुढे दोन्ही अ‍ॅरन बेटाकडे वळवल्या आणि बेटांसाठी तुर्कस्तानात बोटी बांधायला दिल्या.

एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) आणि डिझेल अशा दोन इंधनांचा हट्ट नडला असं माझं मत आहे. आराखडा पक्का होण्याआधी पोलाद कापलं की पुढे काय होतं हे कोणताही फिटर सांगेल.

मीनाक्षी एडिंबरा
खलाशी, एलएनजीला दोष देणं सोपं आहे. नॉर्वेत त्या बोटी वर्षानुवर्षं चालताहेत. दोष मागवणाऱ्यांचा आणि बांधणाऱ्यांच्या भांडणाचा.

खलाशी
नॉर्वेच्या गोदींना त्याचा हात बसलाय. इथे पहिलीच वेळ होती. मी अशा इंजिनांवर काम केलंय, तुम्ही केलंय का?

मीनाक्षी एडिंबरा
इंजिनावर नाही. पण २०२३ च्या जूनमध्ये साउथ उइस्टची लॉकबॉइझडेल बोट महिनाभर रद्द झाली तेव्हा माझी मैत्रीण तिथे पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवत होती. सगळी बुकिंगं गेली. लोकांनी धक्क्यावर गाड्यांची रांग लावून निदर्शनं केली, त्यात ती होती. तिला कुठलं इंधन याच्याशी देणंघेणं नव्हतं.

सडेतोड
आता बघा. पाच प्रतिसाद बोटींवर, आणि यातलं एकही काम वेस्टमिन्स्टरच्या खासदाराच्या हातात नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय. जे काम आपल्याला करताच येणार नाही, त्याचं आश्वासन देऊन मत मागणं याला मी फसवणूकच म्हणणार. अलिबागकर, तुमच्या बहिणीच्या हालांबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण चुकीच्या माणसाला विचारत राहिलात म्हणूनच धक्क्याला इतकी वर्षं लागली.

अलिबागकर
हे तुम्ही मला सांगू नका. त्या रस्त्याने तुम्ही गेला नव्हता.

स्टॉर्नोवेकर
सडेतोड, हे फार झालं. लंडनजवळच्या सरेत बसून, दाराशी दर दहा मिनिटांनी गाडी असताना, दुसऱ्याला "चुकीच्या माणसाला विचारलंत" सांगायला काय जातं?

गेल्या जानेवारीत वादळामुळे तीन दिवस बोट आली नाही. दुकानात पावाच्या फळ्या उघड्या पडल्या होत्या, तळाशी नुसता पिठाचा भुगा. फार्मसीत मी इन्सुलिनच्या पेट्या मोजत होतो, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी वारा पडला, बोट दिसली, आणि माझ्याबरोबरची बाई काउंटरच्या मागे खाली बसून रडली. अशा ठिकाणी जो मत मागायला येईल त्याला बोटीचं विचारणार नाही तर काय निर्वासितांना रवांडाला पाठवायच्या योजनेचं विचारणार?

सडेतोड
वादळ कुठल्याच सरकारच्या हातात नाही.

स्टॉर्नोवेकर
नाही. पण जुनी बोट लवकर रद्द होते, दुरुस्तीला गेली की बदली बोट नसते, हे हातात आहे. आणि खासदाराच्या हातात काय आहे तेही सांगतो. २०१२ पासून इथे पेट्रोलच्या करात लिटरमागे ५ पेन्सची सूट आहे, ती लंडनने दिली. मासे सोलायला, वृद्धांची काळजी घ्यायला माणसं आणायची तर व्हिसा लंडनचा. जुलै २०२५ मध्ये परदेशातून केअर वर्कर आणायचं दार बंद झालं. माझ्या ओळखीची साताऱ्याची एक मुलगी यायची होती, आता येणार नाही, आणि जिच्या घरी ती राहणार होती ती आजी मुख्य भूमीवरच्या केअर होममध्ये गेली. तिच्याशी तिथे गेलिक बोलणारं कुणी नाही. २०११ मध्ये इथले निम्म्याहून जास्त लोक गेलिक बोलत होते, २०२२ च्या जनगणनेत ४५ टक्के उरले. माणसं टिकली नाहीत तर भाषा कुणाच्या तोंडात टिकेल?

सडेतोड
व्हिसाचं मान्य. पेट्रोलच्या सुटीचं मला माहीत नव्हतं, तेही मान्य. पण मग उमेदवारांनी पत्रकावर हेच ठळक छापायला हवं होतं. बोट वर आणि व्हिसा खाली, हे मला अजूनही पटत नाही. आणि अलिबागकर, ते वाक्य मी लिहायला नको होतं.

अलिबागकर
ठीक आहे. बहिणीला मुलगी झाली होती, ती आता पनवेलला शिकवते.

खलाशी
एलएनजीवर मी वेगळं लिहीन. मीनाक्षी, नॉर्वेचं तुमचं अर्धं बरोबर आहे.

स्टॉर्नोवेकर
पत्रकाचं तुमचं म्हणणं शेजारच्या म्हातारबुवांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी कुणाचा हे विचारून झालं की व्हिसाचं मी विचारतो, बोटीचं तू विचार. उद्या सकाळची मुख्य भूमीवरच्या अलापूलची बोट सुटेल की नाही अजून ठरलेलं नाही. मला इन्व्हरनेसला जायचंय.