अमाना: रडारेंजच्या आधीचं आणि नंतरचं
घरगुती उपकरणं बनवणाऱ्या अमाना या अमेरिकन कंपनीबद्दल काही जण म्हणतात, "अमानाने मायक्रोवेव्हवर नुसतं नाव चिकटवलं, डोकं सगळं रेथिऑनचं" (रेथिऑन म्हणजे रडार बनवणारी अमेरिकन कंपनी). हे म्हणणं मला अर्धंच पटतं. तंत्र रेथिऑनचं, मान्य. पण त्यांचं १९४७ सालचं मायक्रोवेव्हचं धूड माणसाएवढं उंच, घरात कोण ठेवणार? १९६५ मध्ये त्यांनी अमाना विकत घेतली, तेव्हा कुठे १९६७ साली ओट्यावर मावणारा, घरच्या प्लगवर चालणारा रडारेंज हा मायक्रोवेव्ह ४९५ डॉलरला बाजारात आला.

अमाना कंपनीच्या मुळाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या अमाना वसाहती म्हणजे जर्मन धर्मपंथीयांची गावं. १९३२ पर्यंत तिथे जमीन, गिरण्या सगळं सामायिक. घरोघरी चूल नाही, पंगत सामुदायिक स्वयंपाकघरात. ती व्यवस्था मोडली आणि दोनच वर्षांत तिथल्याच जॉर्ज फोर्स्टनर यांनी पेयं गार ठेवायचे कूलर बनवायला घेतले; तिथूनच ही कंपनी उभी राहिली. फ्रीझर, एसी, घर गरम करायच्या भट्ट्या हे सगळं नंतरचं. आता तर भावकीसारखी वाटणी झालीय: अमानाचा फ्रिज व्हर्लपूलचा, आणि अमानाची भट्टी २०१२ पासून जपानच्या डायकिनकडे.