दोन हजारांच्या आतले इअरफोन : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सुनीताकाकू, बी-३०४
सुप्रभात. एक विचारायचं होतं. अथर्वचे इअरफोन एका कानाने बंद पडलेत. अकरावीच्या क्लासचे व्हिडिओ बघतो, गाणी ऐकतो आणि तबल्याच्या रियाजाला लेहरा (साथीला फिरत राहणारी धून) लावतो. दोन हजारांच्या वर जायचं नाही. ऑनलाइन बघितलं तर चारशेवाल्यावर ‘एक्स्ट्रा बेस’ आणि चार हजारवाल्यावरही ‘एक्स्ट्रा बेस’. स्टारही सगळ्यांना सारखेच. नक्की काय बघून घ्यायचं असतं?

ओंकार, सी-१०२
काकू, वायरलेस बड्स घ्या. आता वायर कोण वापरतं? पंधराशेत १३ एमएमचा ड्रायव्हर, नॉइज कॅन्सलेशन, चाळीस तास बॅटरी मिळते. बेस जबरदस्त असतो.

सेक्रेटरी
बी विंगची लिफ्ट आज ११ ते १ देखभालीसाठी बंद राहील. ज्येष्ठांनी त्यानुसार वेळ ठरवावी.

मृणाल, डी-६०३
काकू, आज लगेच मागवू नका. संध्याकाळपर्यंत थांबा, मी सविस्तर लिहिते. माझं रोजचं काम आवाजाच्या एडिटिंगचं आहे आणि स्वस्त इअरफोनबद्दल मला मनापासून बोलायचं असतं. गेल्या काही वर्षांत या किमतीत फार चांगल्या वस्तू आल्यात, पण लोक अजून डब्यावरचे आकडे बघूनच घेतात.

ओंकार, ड्रायव्हर म्हणजे इअरफोनमधला आवाज काढणारा पडदा, आणि १३ एमएम हा त्याचा व्यास झाला. त्यावरून आवाज कसा असेल ते कळत नाही. ९ एमएमचा पडदा नीट ट्यून केला असेल तर तो १३ ला सहज मागे टाकतो. ‘ट्रिपल ड्रायव्हर’चंही तेच. तीन पडदे एकमेकांशी जुळवून घेणं अवघड असतं, कमी किमतीत तर जास्तच.

देशमुखकाका, ए-२०१
मृणाल, मीही वाचतोय बरं का. माझ्या नव्या फोनला इअरफोनचं भोकच नाही. सकाळी टेकडीवर जाताना गाणं ऐकायचं असतं. मुलीने दिलेले बड्स आहेत, पण त्यात तंबोरा ऐकूच येत नाही. नुसती एक भुणभुण येते.

मृणाल, डी-६०३
काका, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत. तंबोऱ्याइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, साधारण ६९ हर्ट्झला (सेकंदाला ६९ कंपनं) असतो, आणि जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकी घासत राहिल्यामुळे, त्याच्यावर उठणारे स्वर पार काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. म्हणजे एका तारेच्या छेडीत इअरफोनचा खालपासून वरपर्यंत सगळा पट्टा तपासला जातो. खर्ज छेडल्यावर तो पोटातून आल्यासारखा वाटला पाहिजे आणि त्यातून गंधार आपोआप उमलताना ऐकू आला पाहिजे. खर्ज आहे पण गंधार नाही, तर मधले-वरचे स्वर दाबलेत. झणझण आहे पण बूड नाही, तर एकतर इअरफोन पातळ आहे नाहीतर तो कानात बसलेलाच नाही.

आणि हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा असतं. म्हणून काका, तुमचे बड्स टाकून द्यायच्या आधी त्यांचं रबर बदलून बघा.

सुनीताकाकू, बी-३०४
रबराने एवढा फरक पडतो?

मृणाल, डी-६०३
काकू, बेसच्या बाबतीत जवळजवळ सगळा फरक रबरानेच पडतो. इअरफोनचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा बंद राहिली तरच खालचे सूर कानाच्या पडद्यापर्यंत पोचतात. बारीकशी फट राहिली की ते तिथूनच निसटतात. म्हणून एकच मॉडेल एकाला भरदार वाटतं आणि दुसऱ्याला पत्र्यासारखं, आणि रिव्ह्यूमध्ये दोघंही प्रामाणिकपणे लिहितात.

डब्यात लहान, मध्यम, मोठं असे तीन जोड येतात. बहुतेक जण आधीपासून लावलेला मध्यमच वापरत राहतात आणि बाकीचे दोन कपाटात हरवतात. तिन्ही लावून बघायचे. डाव्या कानाला एक माप आणि उजव्याला दुसरं लागणं अगदी नेहमीचं आहे. घालताना दुसऱ्या हाताने कान किंचित वर आणि मागे ओढायचा, इअरफोन थोडा फिरवून आत बसवायचा आणि मग कान सोडायचा. नीट बसलाय का ते बघायला काही वाजवूही नका, नुसतं ‘ओम’ म्हणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर सील झालं. तरीही सैल वाटलं तर फोमचे रबर वेगळे मिळतात, ते कानात फुगून बसतात. ते लवकर खराब होतात, पण ज्यांच्या कानात सिलिकॉन टिकतच नाही त्यांच्यासाठी उत्तम.

ओंकार, सी-१०२
मृणालताई, मग महाग इअरफोनमध्ये काय वेगळं असतं? फरक तर असेलच ना?

मृणाल, डी-६०३
असतो, पण किमतीच्या प्रमाणात नाही. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं किमतीशी ताडून बघितली. कुठला सूर किती मोठा ऐकू येतो, याचा आणि किमतीचा काही संबंध त्याला सापडला नाही. महागात बांधणी, वायर, आराम आणि बारीक तपशील चांगले मिळू शकतात. आवाजाचा तोल मिळेलच याची खात्री नाही.

तोल म्हणजे काय ते सांगते, कारण स्वस्त कंपन्या इथेच चुकतात किंवा जिंकतात. आपल्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. मोकळ्या कानात ही नळी ३ हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर स्वतःच मोठे करते. इअरफोन खुपसला की नळीचं तोंड बंद होतं आणि ही नैसर्गिक वाढ बिघडते. म्हणून चांगल्या इअरफोनला तेवढीच वाढ स्वतःहून द्यावी लागते. कमी दिली तर गायक पडद्यामागून गातोय असं वाटतं. जास्त दिली तर तार सप्तकात कान दुखतात. त्याच्या वर, ६ ते ८ हजारांच्या पट्ट्यात जास्त उठाव असेल तर ‘स’ आणि ‘श’ टोचतात. हरमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना प्रत्यक्ष ऐकवून बहुतेकांना कुठला तोल आवडतो त्याचा आलेख काढला. तो सगळ्यांना मोकळा आहे. त्यामुळे आज एखादी छोटी कंपनीही कमी पैशांत त्याच्या जवळपास ट्यून करू शकते. स्वस्त इअरफोन एवढे सुधारले त्यामागचं एक मोठं कारण हेच.

अथर्वसाठी आणखी एक. तबल्याचे वरचे स्वर मूळ स्वराशी सुरेल नात्यात असतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडलं होतं. म्हणून ‘ना’ आणि ‘तिं’ सुरात वाजतात. फुगवलेल्या बेसच्या इअरफोनमध्ये डग्गा सगळ्यावर पसरतो आणि ‘ना’ची धार जाते. तबला शिकणाऱ्या मुलाने असं महिनोन्महिने ऐकू नये असं मला फार वाटतं. त्याचा कान अजून घडतोय.

देशमुखकाका, ए-२०१
खरंय. सवाईला मंडपात बसून जे ऐकतो त्याच्या आसपास तरी यावं, एवढीच अपेक्षा.

सुनीताकाकू, बी-३०४
छान समजावलंस ग. पण दुकानात किंवा घरी आल्यावर तपासायचं कसं? आमच्या कानांना कळेल का?

मृणाल, डी-६०३
नक्की कळेल काकू. शंभर वेळा ऐकलेलं गाणं घ्यायचं, नवीन नाही. एक जुनं मोनो रेकॉर्डिंग जरूर ठेवा, आकाशवाणीवरचं एखादं भावगीत किंवा नाट्यपद. मोनोमध्ये दोन्ही कानांना एकच आवाज जातो, त्यामुळे गाणारी व्यक्ती बरोबर कपाळाच्या मध्यात उभी राहिली पाहिजे. ती एका बाजूला सरकत असेल तर आधी रबर तपासा. मग डावा-उजवा अदलाबदल करून घाला. सरकण्याची बाजूही बदलली तर दोन पडदे सारखे नाहीत. परत करा. स्वस्त मालात हा दोष सर्रास सापडतो आणि कोणी बघतच नाही.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवणं अत्यावश्यक आहे. किंचित मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो, मेंदू तसाच आहे. दुकानदार आवाज चढवून ऐकवतात तेव्हा आधी तो कमी करायचा. हळू आवाजातही गाणं पूर्ण वाटलं तर इअरफोन चांगला.

आणि ‘पन्नास तास वाजवल्यावर आवाज खुलतो’ हे ऐकून परत करायची मुदत घालवू नका. बहुतेक वेळा आपल्यालाच त्या आवाजाची सवय होते.

देशमुखकाका, ए-२०१
आणि ते सोनेरी ‘हाय-रेझ’ स्टिकर?

मृणाल, डी-६०३
काका, त्याची अट आहे ४० हजार हर्ट्झपर्यंत आवाज देण्याची. माणसाला तरुणपणी २० हजारांपर्यंत ऐकू येतं. त्या स्टिकरवरून निवडू नका.

स्वातीताई, बी-५०१
ऑडिओलॉजिस्ट म्हणून मध्ये बोलते. वय वाढतं तसं वरचे सूर कमी होतात, साठीनंतर बऱ्याच जणांना १०-१२ हजारांच्या वरचं फारसं येत नाही. गाण्याचा आनंद त्याने जात नाही, काका.

पण सगळ्यांनी हे लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं प्रमाण आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. मेट्रोत किंवा पीएमपीच्या बसमध्ये इंजिनाच्या घरघरीखाली बेस बुडतो, म्हणून मुलं आवाज चढवतात. तिथे चांगलं सील किंवा नॉइज कॅन्सलेशन असेल तर आवाज कमी ठेवता येतो, हा खरा फायदा. गाडी चालवताना मात्र इअरफोनच नकोत. कर्वे रोडवर हेल्मेटच्या आत इअरफोन घातलेली मुलं रोज बघते, जीव खाली-वर होतो.

ओंकार, सी-१०२
हो स्वातीताई, मी बंद केलंय ते. पण बसमध्ये वायरलेसच बरं पडतं ना मृणालताई? गर्दीत वायर अडकते.

मृणाल, डी-६०३
बसमध्ये तुझं बरोबर आहे. मी वायरलेसच्या विरोधात नाही. पण हिशेब बघ. त्याच पंधराशेत ब्लूटूथची चिप, तीन बॅटऱ्या, माइक आणि डबी बसवायची असते. पडदा आणि ट्यूनिंगला उरतं ते थोडं. बारीक बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बदलून मिळत नाही. वायरवाल्यात सगळा पैसा आवाजात जातो, आणि वायर निघणारी असेल तर तुटल्यावर नुसती वायर बदलते. अथर्वचे इअरफोन एका कानाने गेले ते बहुतेक वायरच पिनपाशी तुटून.

म्हणून काकू, माझं मत वायरवालं. मूनड्रॉपचा चू २ किंवा सेव्हन हर्ट्झचा साल्नोट्स झिरो. दोन्हीत १० एमएमचा एकच पडदा आणि वायर निघणारी. किंमत दोन हजारांच्या आसपास घुटमळते, सेलमध्ये खाली येते. झिरोमध्ये बेस बेताचा आणि गळा स्वच्छ. चूमध्ये थोडी जास्त ऊब. दोन्ही फोनवर आरामात वाजतात, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. हजाराच्या आतच राहायचं असेल तर केझेड कंपनीचे आहेत, पण त्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये वरचे सूर जरा टोचतात. घेताना माइकवाली वायर मागा, नाहीतर क्लासमध्ये प्रश्न विचारता येणार नाही.

देशमुखकाका, तुम्हाला सी-टाइपचं कन्व्हर्टर लागेल. त्यात डॅकची, म्हणजे फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी, चिप आहे ना, हे विचारूनच घ्या. चिप नसलेले स्वस्त कन्व्हर्टर काही फोनवर वाजतच नाहीत. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात घेतलंत तर तुमचाच फोन लावून वाजवून बघा आणि मगच पैसे द्या.

सुनीताकाकू, बी-३०४
आणि लेहरा? ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो म्हणतात.

मृणाल, डी-६०३
नुसतं लेहऱ्याबरोबर वाजवायला तो उशीर आड येत नाही, कारण अथर्व जे ऐकतो त्याच्यावरच वाजवतो. रेकॉर्ड करायला गेला की मात्र तबला लेहऱ्याच्या मागे पडलेला दिसतो. पण काकू, माझं ऐकाल तर रियाजाला कान बंद करणारे इअरफोन नकोतच. स्वतःचा डग्गा नीट ऐकू येत नाही, मग हात जड पडतो आणि लेहऱ्याचा आवाजही वाढत जातो. छोटा स्पीकर समोर ठेवू दे.

सुनीताकाकू, बी-३०४
शेजारी चालेल ना स्पीकर?

देशमुखकाका, ए-२०१
आमच्या बाजूने खुशाल लावा. संध्याकाळी साडेसातपर्यंत तर मी स्वतःच ऐकेन.

मृणाल, डी-६०३
माझ्याकडे चू आणि झिरो दोन्ही आहेत. रविवारी सकाळी कोणाला ऐकून बघायचे असतील तर घेऊन येते. रबर प्रत्येकाने आपापलं आणा, नाहीतर मी स्पिरिटने पुसून देईन. कानाचं इन्फेक्शन रबरातून पसरू शकतं. आणि येताना आपलं गाणं फोनमध्ये डाउनलोड करून आणा, क्लबहाऊसमध्ये नेट येत नाही.

ओंकार, सी-१०२
मी माझे बड्स आणतो. समोरासमोर ऐकू.

मृणाल, डी-६०३
जरूर आण. तुझ्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझर असेल तर बेस दोन-तीन पायऱ्या खाली घेऊनही ऐकू. कदाचित नवीन घ्यावेच लागणार नाहीत.

स्वातीताई, बी-५०१
मीही येते. जुन्या इअरफोनच्या जाळीत मळ साठला की वरचे सूर जातात, लोक समजतात वस्तू बिघडली. मऊ कोरडा ब्रश आणते. ज्यांचे इअरफोन ‘बंद पडलेत’ त्यांनी तेही आणा.

सेक्रेटरी
क्लबहाऊस रविवारी १० ते १२ उघडं ठेवतो. किल्ली वॉचमनकडे. माझाही एक जुना जोड आहे, डावीकडून कमी येतं, तो घेऊन येतो.