शहीद द्वीपावर छायाचित्रांसाठी कुठे जावे?

प्रश्न (वाशी): डिसेंबरमध्ये आईवडिलांसह अंदमानला जात असून शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, आमचा एकच मुक्काम आहे. छायाचित्रांसाठी कोणत्या जागा चुकवू नयेत आणि आईचे गुडघे दुखत असल्याने कोणत्या टाळाव्यात, हे कृपया सांगावे.

उत्तर (घणसोली): लक्ष्मणपूर क्रमांक दोनच्या किनाऱ्यावरील खडकाची नैसर्गिक कमान सर्वांत देखणी आहे, मात्र तिथे ओहोटीलाच जावे. आपण खाडीकाठची माणसे, भरती-ओहोटीचे कोष्टक आपल्याला नवे नाही. ते पाहूनच गाडी ठरवावी. वाटेतले प्रवाळखडक टोकदार आणि निसरडे आहेत, त्यामुळे आईंना किनाऱ्यावरच बसवावे. डबक्यांत काळ्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे सागरी प्राणी) दिसतात. त्या कायद्याने संरक्षित असल्याने फोटोसाठी हातात घेऊ नयेत.

उत्तर (ठाणे): वेळेचा अंदाज मात्र आपल्याकडचा लावू नका. घड्याळ तेच असले तरी बेट बरेच पूर्वेला असल्याने डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूर क्रमांक एकला. आम्ही सवयीने संध्याकाळी साडेपाचला पोहोचलो आणि अंधाराचे फोटो काढून परतलो!

प्रश्नकर्ता (वाशी): आभारी आहे. मग दुपारी कुठे?

उत्तर (घणसोली): धक्क्याजवळच्या भरतपूरला. उथळ पाण्याचा निळा-हिरवा रंग डोक्यावरच्या उन्हातच खुलतो आणि चालणेही फारसे नाही. पांढऱ्या वाळूमुळे चेहरे काळवंडतात, म्हणून कॅमेऱ्यात उजेड किंचित वाढवून घ्यावा.