जिप्सी किंग एमपीएफआय: उंदरांनी खाल्लेलं इंजिन वायरिंग घरी बनवता येईल का? आणि पार्ट कशाने धुवायचे?

रानवाटा_कराड:

नमस्कार मंडळी. २००२ ची जिप्सी किंग आहे, १३०० सीसी १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, इंजेक्टरवाली), सॉफ्ट टॉप. नात्यातल्या एकांकडून घेतली, त्यांच्या मळ्यातल्या शेडमध्ये बरीच वर्षं नुसती उभी होती. बॉडी आणि चॅसी एका पेंटरकडे दिलीय, इंजिन बाहेर काढून स्टँडवर लावलंय, इथवर सगळं मजेत चाललं होतं. पण वायरिंग उचललं आणि डोक्याला हात लावला. उंदरांनी इंटेक मॅनिफोल्डच्या खाली पार संसार मांडला होता, इंजेक्टरच्या चारपैकी तीन कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटच्या) वायरी मुळापासून कुरतडलेल्या, बाकीच्यांचं इन्सुलेशन उष्णतेने इतकं कडक झालंय की वाकवलं की टिचतं. त्यात मधेच कुणीतरी दोन-तीन ठिकाणी पीळ मारून काळी टेप गुंडाळलीय ती वेगळीच.

आमच्याकडचा इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळं काढून टाक, मी लाल आणि काळ्या वायरीत नवं करून देतो, दोन दिवसात गाडी चालू. मला ते काही पटेना. घरी स्वतः करायची इच्छा आहे, सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, घाई नाही.

दुसरं म्हणजे पार्ट. हेड, इंटेक, थ्रॉटल बॉडी, अल्टरनेटरचे ब्रॅकेट, नटबोल्ट, सगळ्यावर तेल आणि मातीचा थर बसलाय. गॅरेजवाले मामा म्हणतात कॉस्टिकच्या टाकीत टाकून दे, सकाळी चकाचक. टाकू का? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

तारकुटा:

आधी एक सांगतो, त्या लाल-काळ्या वाल्याला हात जोडून नमस्कार कर आणि परत पाठव. आज चालू होईल गाडी, पण तीन वर्षांनी ताम्हिणीत भर पावसात बंद पडली की कुठली लाल कुठे जाते ते त्यालाही सांगता येणार नाही. शिवाय सुझुकीत काळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर बऱ्याच ठिकाणी इग्निशनचा प्लस असते, आपल्याकडच्या लोकांना काळी दिसली की ती अर्थच, म्हणजे मायनसचीच, वाटते, मग धूर निघतो.

मी हार्नेसच्याच, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याच्याच, धंद्यात होतो, चाकणला, त्यामुळे जरा लांबण लागेल, वाच.

जुनं वायरिंग कापू नकोस आणि फेकू तर अजिबात नकोस, तोच तुझा नकाशा आहे. एक प्लायवूडची शीट घे, जुना हार्नेस गाडीत जसा बसतो तसाच त्यावर पसरव, प्रत्येक फाटा जिथे फुटतो तिथे दोन्ही बाजूंनी खिळे ठोक, प्रत्येक कपलरची जागा पेनाने लिही. कंपनीत पण असाच बोर्ड असतो, फक्त देखणा असतो. मग टेप सोडव आणि एकेक वायर मोज, लांबी, रंग, जाडी, कुठून कुठे, सगळं वहीत. फोटो काढच पण फोटोवर भरवसा ठेवू नको, फोटोत काळी-निळी सारखीच दिसते.

जाडीचं म्हणशील तर सेन्सरला ०.५ स्क्वेअर एमएम, इंजेक्टरला ०.८५, जुनी जी असेल त्यापेक्षा बारीक कधीच नको. साधी पीव्हीसी वायर घरच्या फिटिंगची घेऊ नको बाबा, तिचं इन्सुलेशन ७० डिग्रीपर्यंतचं असतं, इंजिनच्या अंगावर ती परत अशीच टिचणार. ऑटोमोटिव्ह वायर माग, एक्सएलपीई इन्सुलेशनवाली, ती १२५ डिग्रीपर्यंत चालते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फिरलास तर मिळेल, रेघेच्या वायरी नाही मिळाल्या तर सलग रंग घे आणि दोन्ही टोकांना छापील स्लीव्ह चढव, पण मूळ रंग जवळपास ठेव.

आता सोल्डरिंग. तुला येतं हे चांगलंय पण इथे ते वापरू नको. सोल्डर तारेच्या बटांमधून आत चढतं, जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत वायर सळईसारखी ताठ आणि पुढे मऊ, इंजिन थरथरतं आणि बरोबर त्या सीमेवर तुटते. आणि बाहेरून कळत पण नाही, इन्सुलेशन धड असतं. क्रिम्पच कर, म्हणजे वायर पिनेत दाबून बसव. उघड्या पंखांची पिन येते, पुढचे दोन पंख तांब्यावर, मागचे दोन इन्सुलेशनवर. चांगल्या क्रिम्पमध्ये पुढचे पंख आत वळून तांब्यात रुततात, आडवं कापून बघितलं तर इंग्रजी बी सारखा आकार दिसतो. पंखांच्या पुढे तांब्याचं टोक अर्धा-एक मिलिमीटर डोकावलं पाहिजे, आणि पंखांच्या दोन जोड्यांमधल्या फटीत तांबं आणि इन्सुलेशन दोन्ही दिसलं पाहिजे. पक्कडीने चेपलेलं क्रिम्प नव्हे, जबडा योग्य असलेलं रॅचेट टूल घे, तिथे पैसे वाचवू नको. आधी तुकड्यांवर हात बसव, बॅग मोजायचा लटकता काटा असतो ना तो लावून ओढ, ०.५ च्या वायरने निदान ५-६ किलो तरी झेललं पाहिजे, त्याआधी पिनेतून निसटली तर क्रिम्प फुकट.

कपलर शाबूत असतील तर तेच वापर, पिना फक्त बदल. कपलरमध्ये आधी रंगीत लॉकची पट्टी असते ती उचलायची, मग समोरून बारीक पात्याने पिनेची जीभ दाबायची आणि मागून वायर अलगद ओढायची. हिसका दिला की प्लॅस्टिकची जीभ मोडते आणि मग कपलर शोधत फिर. पातं म्हणून जुन्या छत्रीची काडी चपटी करून घासून घेतली तर झकास चालते.

सह्याद्री_४बाय४:

एवढा व्याप कशाला? जिप्सीचं स्पेअर काय दुर्मिळ आहे का? कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत निघालेला हार्नेस उचल, लाव, गाडी चालव. आयुष्य गाडी चालवण्यात घालवायचं की वायरी मोजण्यात.

तारकुटा:

@सह्याद्री_४बाय४ राव, निघालेला हार्नेस पण वीसेक वर्षांचाच असणार ना, तो पण तेवढाच भाजलेला. आणि कार्बोरेटरवाल्या किंगचा गळ्यात मारला तर बोंबलत बसायचं, त्यात इंजेक्टरच्या वायरीच नसतात. तरी घ्यायला माझी ना नाही, कपलर आणि क्लिपांसाठी डोनर म्हणून घे, त्याला पर्याय नाही. घेताना ईसीएमकडचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडचा, कपलर अखंड आहे ना तेवढं बघ, भंगारवाले घाईत तिथेच कात्री मारतात.

भोसरीचा_फिटर:

कॉस्टिक वाचलं आणि चहा सांडला. दादा अ‍ॅल्युमिनियम आहे ते! हेड, इंटेक, थ्रॉटल बॉडी, सगळं. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो, वरून हायड्रोजन सोडतो, सकाळी चकाचक नाही, काळंकुट्ट आणि खड्डे पडलेलं मिळेल, गॅस्केटची फेस, म्हणजे ते बसतं तो सपाट भाग, गेली म्हणजे हेडच गेलं. मामांचं चुकलं नाही, ते जुन्या डिझेलच्या बिडाच्या पार्टांना टाकत असतील, बिडाला चालतं.

तर आधी दोन ढीग कर, लोखंड-बीड एकीकडे आणि अ‍ॅल्युमिनियम दुसरीकडे. मातीचा थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवड, मग डिझेल आणि ब्रश, मग साबणाचं गरम पाणी, मग हवा. पेट्रोलने धुऊ नको, सगळे धुतात माहितीये, बंद शेडमध्ये त्याची वाफ जमिनीलगत साठते आणि कोपऱ्यातल्या एका ठिणगीला पुरते. अ‍ॅल्युमिनियमच्या मशीन केलेल्या फेसला ड्रिलवरचा वायर ब्रश किंवा ते खरखरीत गोल पॅड लावू नको, चरे पडतात आणि पॅडची पूड ऑइलच्या भोकात जाते. जुनं गॅस्केट भिजवून प्लॅस्टिक ब्लेडने काढ, वेळ लागतो, लागू दे.

ब्लास्टिंगवाले, म्हणजे वाळूचा मारा करून पार्ट साफ करणारे, इकडे एमआयडीसीत गल्लीगल्लीत आहेत. ब्रॅकेट, पुली, कव्हर खुशाल दे. हेड आणि ब्लॉक मात्र वाळूत देऊ नको, एक कण ऑइल गॅलरीत राहिला की नवी बेअरिंग पहिल्याच फेरीत चरली. इंटेक द्यायचाच असेल तर ग्लास बीड म्हणजे काचेच्या बारीक मण्यांचा मारा, सगळी तोंडं बंद करून, आणि परत आल्यावर गरम पाण्याने धूधू धुवायचं.

नटबोल्टचा गंज जाण्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड, आपलं लिंबूसत्त्व, किराण्यात पण मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम, रात्रभर ठेव, सकाळी ब्रश मारून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढ आणि लगेच वाळवून तेल लाव, नाहीतर डोळ्यादेखत पिवळी पडतात. फक्त लोखंडाला हां. हाय टेन्साइल बोल्ट, म्हणजे डोक्यावर १०.९ किंवा जास्त लिहिलेले, ते अ‍ॅसिडातही नको आणि साध्या झिंक प्लेटिंगलाही नको, हायड्रोजन आत शिरून बोल्ट ठिसूळ होतो. प्लेटिंगवाल्याकडे नंतर भट्टीत भाजून देण्याची सोय असली तरच दे, १९०-२०० डिग्रीला काही तास. हेडबोल्ट, फ्लायव्हीलचे, कनेक्टिंग रॉडचे हे तर सरळ नवे घे.

थ्रॉटल बॉडीवर कार्ब क्लीनर मारताना टीपीएस (थ्रॉटल किती उघडला ते सांगणारा सेन्सर) आणि रबरी ओ रिंग आधी काढून ठेव. पॉलिश करायच्या भानगडीत पडू नको, आतल्या कडेला कोटिंग असेल तर ते निघतं आणि मग आयडलिंग कधीच नीट होत नाही.

रानवाटा_कराड:

बापरे, वाचलो. मामांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले "तुमच्या ऑनलाइनवाल्यांना विचारूनच करा सगळं" 😅

तारकुटा दादा, बोर्ड मांडलाय, खिळे ठोकलेत. दोन शंका. एक, कॅम सेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला आत जाळी आहे, ती पण लावायची का? दोन, इंटेक, सगळे ब्रॅकेट आणि अल्टरनेटरचा आर्म पावडर कोटिंगला टाकतोय काळ्या रंगात, मस्त दिसेल. त्याने वायरिंगला काही फरक पडत नाही ना?

तारकुटा:

पडतो!! बरं झालं विचारलंस, यातच निम्मे प्रोजेक्ट लटकतात. इंटेकला बोल्ट केलेल्या रिंग लगच्या (टोकाला गोल कडी असलेल्या) वायरी तुझ्या हार्नेसमध्ये असतील, बघ बोर्डवर. ती ईसीएमची अर्थ असते. इंजेक्टरचा आणि इग्निशनचा सगळा करंट तिथून परत जातो. आता मॅनिफोल्डवर पावडर चढवली म्हणजे तू अर्थच्या जागेवर प्लॅस्टिक चढवलंस. वायरिंग नवंकोरं, क्रिम्प एक नंबर आणि गाडी मात्र मिसफायर मारतेय, स्टार्टर मारला की ईसीएम रीसेट होतोय, मग माणूस सेन्सर बदलत बसतो. हीच गोष्ट स्टार्टर बसतो त्या फेसची, अल्टरनेटरच्या कानांची, इंजिन-चॅसी पट्टी लागते त्या जागेची. आणि चॅसी पेंटरकडे आहे म्हणालास ना, त्याला आजच फोन कर, बॅटरीची आणि बॉडीची अर्थ लागते तिथे मास्किंग हवं.

पावडरला देण्याआधी या सगळ्या जागांना उष्णता सोसणारी टेप लाव आणि भोकांत सिलिकॉनची बुचं. बसवताना उघड्या धातूला हलका सँडपेपर, लग घट्ट, आणि वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली मग लग असं नाही.

जाळीचं: हो, जशी होती तशीच लाव. जाळी फक्त एकाच टोकाला, ईसीएमकडे, अर्थ करायची, सेन्सरकडचं टोक कापून स्लीव्हने बंद. दोन्हीकडे जोडली की तिच्यातूनच करंट फिरतो आणि जो विजेचा गोंगाट टाळायला लावली तोच होतो. तसंच सेन्सरची स्वतःची अर्थ वायर जवळच्या बोल्टला जोडायचा मोह होईल, ती ईसीएमपर्यंत स्वतंत्रच गेली पाहिजे.

भोसरीचा_फिटर:

+१. पावडरवाल्याला तोंडी सांगून चालत नाही, मार्करने बाण काढून दे, तरी पण एखादं भोक भरूनच येतं. आटे पाडायचा टॅप सोबत ठेव.

रानवाटा_कराड:

पेंटरला फोन केला, नशिबाने अजून प्रायमरवरच आहे. शेवटचं विचारतो, हार्नेस तयार झाल्यावर गाडीत बसवायच्या आधी तपासायचा कसा? मल्टिमीटरचं बीप वाजलं म्हणजे झालं ना?

तारकुटा:

नाही ना. वायरीत एकच बट शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, त्याला करंटच लागत नाही. प्रत्येक वायरीतून बल्ब पेटवून बघ. जाड वायरींना २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब, तो पावणेदोन अँपिअर ओढतो, सेन्सरच्या बारीक वायरींना ५ वॅटचा पुरे. बल्ब पेटलेला असताना वायरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोज, शंभर-दीडशे मिलिव्होल्टच्या वर गेलं तर क्रिम्प परत कर.

टेप सगळ्यात शेवटी, बल्बची परीक्षा पास झाल्यावर. चकचकीत पीव्हीसी टेप नको, उन्हाळ्यात गोंद पाझरून सगळं चिकट होतं, कापडी हार्नेस टेप घे, अर्ध्यावर अर्धी चढवत. वर कोरुगेटेड पाइप नायलॉनचा, एक्झॉस्टच्या बाजूला फायबरग्लास स्लीव्ह. पाइपच्या सगळ्यात खालच्या वळणाला छोटं भोक ठेव पाणी निथळायला. आणि इंजिन माउंटिंगवर हलतं हे धरून बॉडीकडे जाताना वायरीला थोडा झोल सोड.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना ईसीएमचा कपलर काढलेलाच ठेव आणि बॅटरीच्या मायनसमध्ये तोच २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाक. किल्ली बंद असताना बल्ब भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, जळत काही नाही, शोधत बस निवांत. नाही पेटला तर बल्ब काढ, ईसीएम लाव, किल्ली ऑन, दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाचा आवाज आला पाहिजे. मग टीपीएसच्या कपलरवर ५ व्होल्ट येतात का बघ. पाण्याच्या टेंपरेचर सेन्सरचा रेझिस्टन्स २० डिग्रीला अडीच किलोओहमच्या आसपास आणि ८० ला सव्वातीनशे ओहमपर्यंत उतरतो, तो स्वयंपाकघरात पातेल्यातच तपासून घे, वहिनींना विचारून.

आणि बल्ब १२ व्होल्टचाच माग हां, तालुक्याच्या दुकानात न विचारता ट्रकचा २४ वाला हातात ठेवतात.