घरटॅक्स चौपट, बंद दुकानाचाही टॅक्स लावला. हरकत कशी घेऊ?

मानेवाडावाला
मी नागपूरला, मानेवाडा रिंग रोडला राहतो. वडिलोपार्जित घर इथून तासाभरावरच्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत. बाबा गेल्यापासून तिथं आई एकटी. नागपूरला चल म्हटलं की तुमच्या फ्लॅटात वाळवण कुठं घालू, म्हणते.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, दाराला कागद चिकटवून गेले म्हणून. शेजारच्या पोरानं फोटो पाठवला. चतुर्वार्षिक कर आकारणीची नोटीस. आतापर्यंत वर्षाला 1,140 यायचे, आता प्रस्तावित 4,870! क्षेत्रफळ 111.5 चौ.मी., वापर 'निवासी व वाणिज्य', बांधकाम 'लोडबेअरिंग' (म्हणजे विटा-दगडाच्या पक्क्या भिंतींवर छत).

प्रत्यक्षात घर 24 बाय 30 फूट, मातीच्या दीड फुटी भिंती, वर कवेलू. पुढं 24 बाय 11 चं उघडं अंगण. मागं 12 बाय 18 चा गोठा होता, तो दोन पावसाळ्यांआधी बसला, नुसता दगडी पाया उरलाय. पुढच्या खोलीत बाबांचं किराणा दुकान होतं, ते 2011 मध्येच बंद केलं. मोजायला कोण आलं, कधी आलं, आईला पत्ता नाही. आता काय करू?

रामटेकी
काही करू नका राजेहो. भरूच नका. चार वर्षं असेच काढतात लोक.

निवृत्त कर लिपिक
रामटेकी भाऊ, असा सल्ला देऊ नका जी. थकबाकीवर दर महिन्याला व्याज चढतं, आणि जप्तीची नोटीस त्या माउलीच्या दारावर लागेल, तुमच्या नाही.

मी एकतीस वर्षं हेच काम केलं, वेगळ्या गावात. टेप धरायला शिपाई आणि वहीत आकडे लिहायला मी. मानेवाडावाले, तुमचं गणित पाहा. 111.5 चौ.मी. म्हणजे 1,200 चौ. फूट. घर 720, अंगण 264, गोठा 216. बेरीज करा. बरोब्बर 1,200! कोणी मोजलंच नाही. वरून काढलेल्या फोटोत पायाचा चौकोन दिसला, अंगणाचा दिसला, कॉम्प्युटरवर रेघ ओढून दिली. छप्पर आहे की नाही ते वरून पाहूनही सोडलं, ही कमालच.

दुसरं. कराच्या तक्त्यात 'रोजगार हमी कर' असा रकाना असेल, तिथं आकडा आहे का ते सांगा. राहत्या घराला तो लागत नाही, दुकान-गोदामालाच लागतो. शिक्षण करही दुकानाला चढ्या दरानं असतो. तिथं आकडा असला तर तुमची अर्धी वाढ त्या एका खोलीची.

मानेवाडावाला
काका, आहे! 312 रुपये. पण दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, यांना कसं कळलं दुकान होतं म्हणून?

निवृत्त कर लिपिक
भिंतीवर बोर्ड आहे का?

मानेवाडावाला
आहे. बाबांनी ऑइल पेंटनं स्वतः रंगवलेला. आई पुसू देत नाही.

निवृत्त कर लिपिक
नका पुसू. वापर बोर्डावरून ठरत नाही. महावितरणचं बिल जोडा, त्यात मीटर घरगुती आहे ना? खोलीत आज काय आहे त्याचा फोटो जोडा. गोठ्याच्या पायाचा, कवेलूचा, मातीच्या भिंतीचाही. 'लोडबेअरिंग' हा शेरा खोडायला लावा, मातीच्या घराचा दर वेगळा असतो.

अर्ज साधा लिहा: मालमत्ता क्रमांक, नोटिशीतलं क्षेत्र, खरं क्षेत्र, खरा वापर, आणि जागेवर फेरमोजणीची मागणी. 1965 चा नगरपरिषदा कायदा, कलम 119 ची हरकत. मुदत नोटिशीवर छापलेली असते, ती चुकवू नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी सांगितलेलं तिथं कोणाच्याच लक्षात राहत नाही, माझ्याही राहत नव्हतं.

सुनावणीला स्वतः जा. आकारणीची यादी कायम झाल्यावर अपील आहे, पण त्यासाठी आधी बिलाची रक्कम भरावी लागते. म्हणून भांडायचं ते आत्ताच.

धंतोलीकर
नागपूर शहरात पण हेच चालेल का?

निवृत्त कर लिपिक
शहराला 1949 चा महापालिका कायदा, कलमं वेगळी. भाडेमूल्यातून (घराला वर्षाला जे भाडं येऊ शकेल, ज्यावर कर काढतात) दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होतात, ते दोन्हीकडे सारखं.

मानेवाडावाला
आज रजा टाकून गेलो होतो. आवक क्रमांक मिळाला. खिडकीवरची मॅडम म्हणाली सकाळपासून तुमचा एक्केचाळिसावा अर्ज. घरी टेप काढला तर आई म्हणे, थांब, आणि आतून बाबांचा दुकानातला लाकडी गज घेऊन आली. त्यानंच मोजलं. 24 बाय 30, इंचाचाही फरक नाही. सुनावणीची तारीख आली की कळवतो.