मदत हवी आहे: युरोबीटची पूर्ण लांबीची गाणी आणि सिंथची धून

नमस्कार मंडळी. युरोबीट, म्हणजे सिंथेसायझरवरचं वेगवान नृत्यसंगीत, मनापासून ऐकणारं इथे कोणी आहे का?

बहुतेकांसारखी माझीही ओळख 'इनिशियल डी' या १९९८ च्या जपानी अ‍ॅनिमेमुळे झाली. घाटातल्या गाड्यांच्या शर्यती आणि मागे ही गाणी! पण वेड लागलं ते नंतर. ही गाणी बनायची इटलीत आणि खपायची जपानात. एवेक्स या जपानी संगीत कंपनीने १९९० मध्ये 'सुपर युरोबीट' ही अल्बमची मालिका सुरू केली, ती दोनशे भागांच्या पुढे गेली. गायक टोपणनावांनी गायचे: डेव्ह रॉजर्स म्हणजे इटालियन गायक जियानकार्लो पास्क्विनी. गायिका एलेना फेर्रेत्ती तर सोफी, रोझ अशा कितीतरी नावांनी गायली. आवाज तोच, नाव दरवेळी वेगळं, त्यामुळे शोधताना डोकं गरगरतं.

तर दोन गोष्टी हव्या आहेत. एक, नॉनस्टॉप मिक्समध्ये, म्हणजे गाणी एकमेकांना जोडून केलेल्या सलग संचात, गाणं मध्येच कापतात. मला पूर्ण एक्स्टेंडेड आवृत्त्या हव्यात, शक्यतो विकत. कुठे मिळतील? आणि टोपणनावांमागचा खरा गायक सांगणारी खात्रीची यादी कोणाकडे आहे का?

दुसरं जास्त महत्त्वाचं. कोरस संपला की सिंथची (सिंथेसायझरची) जी धून उसळते, ती मला कीबोर्डवर वाजवायची आहे. माझ्या मते युरोबीटचा सगळा जीव तिथेच आहे, म्हणून इतक्या वर्षांनीही ते शिळं वाटत नाही. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हात बसतो, १५५ ला सूर गळतात. बोटं कशी ठेवायची? आणि तो धारदार, पितळी आवाज कुठल्या सेटिंगने येतो? कोणी वाजवत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.